रंग चढलेल्या मॉर्गन डॉलरची ग्रेड कशी बघावी

तुमचा प्रश्न वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय ना ते सांगतो. अमेरिकेत एडिसन गावी तुमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी बाळाच्या बारशाला १८८४ सालचा चांदीचा डॉलर, म्हणजे मॉर्गन डॉलर, भेट दिला. मागच्या बाजूला न्यू ऑर्लिन्स टांकसाळीची ‘ओ’ ही खूण आहे. आजींच्या यजमानांनी तो साठच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेतून एका डॉलरला आणला होता आणि तेव्हापासून तो टेबलाच्या खणात, कागदी पाकिटात पडून होता. दर्शनी बाजूवर, म्हणजे लिबर्टीचा (स्वातंत्र्यदेवीचा) चेहरा आहे तिथे, पिवळा, आमसुली, जांभळा आणि निळा असे पट्टे चढलेत, मागची बाजू मात्र पांढरीशुभ्र आहे. एक दुकानदार म्हणाला, “कानावरचे केस झिजलेत, एयू ५८ आहे,” म्हणजे किंचित झिजलेलं. दुसऱ्याने नुसते फोटो बघून सांगितलं, “एवढा रंग आहे म्हणजे एमएस ६५ कुठे गेली नाही,” म्हणजे न झिजलेलं, त्यातही वरच्या दर्जाचं. आणि कोल्हापूरहून आलेल्या तुमच्या सासूबाई लक्ष्मीपूजनाआधी तो रांगोळीने घासून लख्ख करून देते म्हणतायत. तुम्हाला विचारायचंय की खरी ग्रेड कोणती आणि नाणं घासावं का.

घासण्याचं आधी सांगतो, कारण दिवाळी तोंडावर आहे. कृपा करून घासू नका. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे. आपल्याकडे निरांजन, करंडा, लक्ष्मीचं नाणं काळं ठेवत नाहीत, आणि माझ्या आईनेही आयुष्यभर तेच केलं. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. तिने घासलं की चांदीवर केसासारखे हजारो बारीक ओरखडे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. टूथपावडर, विभूती, चिंच, बेकिंग सोडा, सगळ्यांचं तेच. दोन मिनिटांत नाण्याची ग्रेड कायमची जाते, आणि रंग तर जातोच जातो. नाणं पूजेत जरूर मांडा, पण कडक पारदर्शक डबीत घालून, आणि हळदकुंकू डबीवर वाहा. सासूबाईंना एवढंच सांगा की हा रंग म्हणजे मळ नव्हे, तो चांदीचाच झालेला आहे आणि तो काढला तर नाण्याचा जीव जातो. माझ्या अनुभवात असं समजावलं की मोठी माणसं लगेच ऐकतात.

आता ग्रेडकडे येऊ. दोन्ही दुकानदार चुकले असं माझं मत आहे. दोघांची चूक वेगळी असली तरी मूळ एकच आहे. पहिल्याने ठशाची उणीव झीज समजली. दुसऱ्याने रंगालाच ग्रेड समजलं. नाण्याचा पृष्ठभाग किती जपला गेलाय आणि त्यावरचा रंग किती सुंदर आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं हे डॉलर बघतोय, घेतोय, विकतोय, आणि आजही रंगीत नाणं हातात आलं की मनाशी पहिला प्रश्न तोच विचारतो: हेच नाणं पांढरं असतं तर मी त्याला कोणती ग्रेड दिली असती? तो आकडा ठरल्यावरच रंगाकडे बघतो. उलट्या क्रमाने बघितलं की डोळा हमखास फसतो, कारण रंग आधी मोहात पाडतो आणि मग आपण त्याच्यासाठी कारणं शोधत बसतो.

हे आकडे कुठून आले ते दोन ओळींत. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी मांडली आणि पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ५८ पर्यंतची नाणी थोडी का होईना झिजलेली मानतात. ६० पासून पुढे मिंट स्टेट, म्हणजे चलनात न झिजलेली. नाणं तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या बंद स्लॅबमध्ये देणाऱ्या दोन मोठ्या संस्थांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली आणि एनजीसी १९८७ मध्ये. म्हणजे ५८ आणि ६० मध्ये नुसता दोन आकड्यांचा फरक नाही, तिथे नाण्याची जातच बदलते. म्हणून तुमच्या बाबतीत पहिला निवाडा हाच: नाणं झिजलंय की नाही?

इथे न्यू ऑर्लिन्सची कहाणी माहीत हवी. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारला दर महिन्याला ठरावीक चांदी विकत घेऊन डॉलर पाडणं भाग होतं. लोकांना तेवढे जड डॉलर नकोच होते. मग नाणी पाडायची, हजार-हजारची कापडी पोती शिवायची आणि तिजोरीत रचून ठेवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. एकट्या न्यू ऑर्लिन्सने १८८४ मध्ये ९७ लाख ३० हजार डॉलर पाडले. कामाच्या या रेट्यात तिथल्या नाण्यांवर ठसा पुष्कळदा पूर्ण उमटलेला नसतो. दोन साच्यांमधलं अंतर कणभर जास्त असलं की धातू साच्याच्या सर्वांत खोल भागात पोचत नाही. मॉर्गन डॉलरच्या साच्यात हे खोल भाग म्हणजे दर्शनी बाजूला लिबर्टीच्या कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती, आणि हे दोन्ही भाग साधारण समोरासमोरच येतात. त्यामुळे तुमच्या नाण्यात कानावरचे केस सपाट आणि छातीवरची पिसंही पुसट, ही जोडी दिसली तेव्हाच मला झिजेपेक्षा कमकुवत ठशाची शंका आली. सॅन फ्रान्सिस्कोचे १८७९ ते १८८२ चे डॉलर बघा. तिथे केसांची बट न बट मोजून घ्यावी. ज्याची नजर त्यांच्यावर तयार झालीय, त्याला न्यू ऑर्लिन्सचं कोरं नाणंसुद्धा वापरलेलं वाटतं. पहिल्या दुकानदाराचं तेच झालं असावं.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. झीज आणि कच्चा ठसा वेगळे ओळखायची खरी खूण झळाळीत असते. ठोका बसतो तेव्हा चांदी साच्यात मधून कडेकडे वाहते आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा सोडते. एका दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. आमच्यात त्याला कार्टव्हील म्हणतात. हाताळण्याने सगळ्यात आधी नष्ट होतात त्या याच रेषा, आणि त्याही उंचवट्यांवरच्या. म्हणून कानावरच्या सपाट भागावर प्रकाश नेऊन बघा. तो भाग थोडा खडबडीत, कणीदार दिसला पण चमकता राहिला, तर तिथे धातू साच्यात भरलाच नव्हता आणि नाणं पाडण्याआधीच्या चकतीचा मूळ पोत तसाच राहिलाय. तो गुळगुळीत, राखाडी आणि मंद दिसला, फिरता पट्टा तिथे येऊन तुटला, तर ती झीज.

रंगीत नाण्यात आणखी एक साक्षीदार मिळतो, तो म्हणजे रंग स्वतः. झिजलेल्या जागी आणि न झिजलेल्या जागी रंग सारखा बसत नाही. आधी झीज होऊन मग रंग आला असेल तर गाल, कपाळावरचे केस, मुकुटातल्या कापसाच्या बोंडांची टोकं अशा उंच जागी रंग मळकट, तपकिरी, निर्जीव दिसतो आणि खोलगट जागी जिवंत. रंग आधी आणि घासण नंतर असेल तर उंच जागी रंग पुसला जाऊन खालची चांदी उघडी पडते. तुमच्या दुसऱ्या फोटोत आमसुली पट्टा कपाळापासून कानावरच्या सपाट भागावरून सरळ मानेपर्यंत जातो आणि त्याचा रंग मध्ये कुठेच बदलत नाही. मला तरी हे झिजलेल्या नाण्याचं लक्षण वाटत नाही. माझा कौल ६० च्या वर आहे. फोटोवरून मी इथवरच खात्रीने जाऊ शकतो.

मग ६५ का नाही? कारण ६० च्या वरचा खेळ मुख्यतः खुणांचा आणि झळाळीचा असतो. एक मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, म्हणजे हजारांचं पोतं पावणेसत्तावीस किलोचं. अशी पोती एका तिजोरीतून दुसरीत हलली, मोजली गेली, फेकलीही गेली. आत नाण्यावर नाणं आपटत होतं. त्यामुळे कधीच खर्च न झालेल्या नाण्यावरही पोत्यातल्या मारांच्या खुणा असतात, आणि मॉर्गनचा दोष असा की लिबर्टीचा गाल मोठा, फुगीर आणि एकदम मोकळा आहे. कुठलीही खूण तिथे लपत नाही. ग्रेड देणारा सगळ्यात आधी गाल बघतो, मग तिच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा. तोच मार केसांत असेल तर माफ होतो, गालावर असेल तर एक आकडा घेऊन जातो. साधारण अंदाज द्यायचा तर, गालावर आणि समोर ठळक खुणा पण झळाळी ठीक असेल तर ६३. खुणा मोजक्याच, पण एखादी डोळ्यात भरणारी असेल तर ६४. ६५ ला खुणा बारीक लागतात, गालावर लक्ष वेधणारी एकही नको, झळाळी भरपूर हवी आणि ठसाही सरासरीपेक्षा बरा हवा. कानावर सपाट असलेल्या नाण्याला ६५ मिळणं अशक्य नाही, पण मग बाकी सगळं फार चांगलं लागतं. बाजूंचं म्हणाल तर मॉर्गनची ग्रेड मुख्यतः दर्शनी बाजू ठरवते. मागची बाजू खराब असेल तर ती आकडा खाली ओढते, चांगली असेल तर वर क्वचितच नेते. तुमची पांढरी मागची बाजू फोटोत स्वच्छ दिसतेय, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

रंगाचं खरं संकट इथे सुरू होतं. गडद आणि गजबजलेले रंग खुणा लपवतात. हलका मधाळ पिवळा फारसं काही झाकत नाही, पण जांभळा-निळा पट्टा गालावरून गेला की त्याखाली मोठा मारही दडून बसतो. माझाच एक अनुभव सांगतो, कारण तो मला बरीच वर्षं पुरला. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात मी १८८५-ओ घेतला होता, तुमच्यासारखाच रंगीत. टेबलावर पसरट प्रकाशाचा दिवा होता. विकणाऱ्याने ६५ म्हणून सांगितला आणि मी त्या भावाने घेतला. रात्री हॉटेलवर टेबललँप एका बाजूला ओढला, नाणं तिरकं केलं आणि जांभळ्या पट्ट्यातून एक रेघ वर आली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, चांगली लांब. सरळ वरून बघितलं की ती दिसायचीच नाही. नाणं फार तर ६२ होतं. त्या दिवसापासून मी माझा दिवा बरोबर नेतो आणि रंगीत नाणं किमान तीन कोनांतून तिरकं केल्याशिवाय भावाचं बोलत नाही.

तुमच्या नाण्यातही माझं लक्ष नेमकं गालावरच अडकलंय. तिसऱ्या फोटोत, आमसुली रंग संपून जांभळा सुरू होतो तिथे, नाकपुडीच्या पातळीवर एक छोटी उभी रेघ दिसते. ती काय आहे यावर ६३ की ६४ ठरेल. तिच्याकडे पाच पटीचं भिंग घेऊन बघा, दहा पटीच्या पुढे जाऊ नका, कारण तिथे सगळीच नाणी रणभूमीसारखी दिसतात. रेघेच्या तळाशीही आजूबाजूचाच रंग चढलेला दिसला तर मार जुना, पोत्यातला, रंग चढण्याआधीचा. तळाशी पांढरी चांदी चमकली तर तो ओरखडा रंगानंतरचा, म्हणजे पाकिटातल्या किंवा खणातल्या दिवसांतला. दोन्ही धरले जातात, पण जुना बोथट मार आणि नवा धारदार ओरखडा यांत तपासनीस दुसऱ्याला जास्त कडक असतात. आणखी एक बघा. रंगाखालून एकाच दिशेला जाणाऱ्या, समांतर, बारीक रेषांचा पुंजका दिसतो का? तसं असेल तर कुणीतरी फार पूर्वी नाणं पुसलं किंवा घासलं आणि त्यावर पुन्हा रंग आला. मग आकडा मिळत नाही, स्लॅबवर नुसतं ‘साफ केलेलं’ असा शेरा येतो. तुमच्या फोटोंत मला तसं दिसलं नाही.

यानंतरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तपासणारा नक्की विचारेल: हा रंग आपोआप आलाय की कुणी आणलाय? कारण रंगाला पैसे मिळतात, तसे रंग चढवून देणारेही असतात. गंधकाची रसायनं, उष्णता, कसकसले धूर वापरले जातात. संशय आला तर संस्था ‘शंकास्पद रंग’ म्हणून आकडा नाकारते.

नैसर्गिक रंग कसा येतो ते कळलं की ओळखणं सोपं जातं. चांदीवर गंधकाचा थर बसतो, सिल्व्हर सल्फाइडचा, आणि तो इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर जे दिसतं तेच हे. थर जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी मधासारखा पिवळा, मग तांबूस, आमसुली, जांभळा, गडद निळा, मग फिकट आकाशी. त्यानंतर दुसरी फेरी, त्यात पुन्हा पिवळा, केशरी-गुलाबी आणि मग हिरवा. थर फार वाढला की शेवटी काळं. म्हणून जांभळ्याच्या कडेला आमसुली आणि त्याच्याही कडेला पिवळा असा उतार दिसायला हवा. जांभळा अचानक पांढऱ्या चांदीला भिडला, मध्ये पिवळ्याची किनारच नाही, किंवा निळा-जांभळा सगळ्या नाण्यावर एकसारखा फासल्यासारखा दिसला, तर मी नाणं खाली ठेवतो.

तुमच्या नाण्यात हा क्रम बरोबर आहे, आणि दुसरी खूणही मला फार आवडली. पिवळ्या पट्ट्याच्या डाव्या टोकाला रंग कमानीत थांबतो आणि पलीकडे चंद्रकोरीएवढी चांदी कोरी राहिलीय. पोत्यात हे नाणं कापडाला टेकून होतं आणि त्याच्या एका भागावर शेजारचं नाणं चढलेलं होतं. कापडातल्या गंधकाने उघडा भाग रंगला, झाकलेला तसाच राहिला. मागची बाजू दुसऱ्या नाण्यावर पालथी पडलेली, म्हणून ती पांढरी. आता तुम्ही एक करून बघू शकता. ३८.१ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ कागदावर काढून कापा, हा मॉर्गन डॉलरचा व्यास. ते नाण्याला न टेकवता वर धरून त्या कमानीवर जुळवा. बाक जुळला तर ती कमान दुसऱ्या डॉलरच्याच कडेची आहे. असं चित्र हाताने बनवणं कठीण असतं. शिवाय अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडेलगत रंग जरासा मागे हटलेला दिसतो का पाहा. कापड उंचवट्याच्या मुळाशी नीट टेकत नाही, त्यामुळे खरा पोत्यातला रंग तिथे फिका पडतो. रसायन ओतून आणलेला रंग पुष्कळदा उलटा, त्याच खाचांत साचतो.

आजींची हकिकतही या सगळ्याशी जुळते. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले, पण उरलेल्यांची पोती तिजोरीतच राहिली, आणि १९६४ च्या मार्चपर्यंत ती बँकांमार्फत एका डॉलरला एक या भावाने बाहेर येत होती. त्यांच्या यजमानांनी तेव्हाच आणलं असणार. ही हकिकत त्यांच्याकडून तारीखवार लिहून घ्या आणि बाळासाठी जपून ठेवा. ग्रेडमध्ये मात्र तिचा उपयोग नाही. तपासणाऱ्याच्या हातात फक्त नाणं असतं.

आता झळाळीचं परत, कारण रंगीत नाण्यात शेवटचा शब्द तिचाच. मी हे नव्या लोकांना पैठणी दाखवून समजावतो. धूपछाव पैठणी हलवली की एका रंगातून दुसरा उजळतो, कारण उभा-आडवा धागा वेगळा असतो. चांगलं रंगीत नाणं फिरवलं की तसंच रंगाच्या खालून उजेड धावतो. आमसुली पट्टा क्षणभर पेटतो, पुढे जातो, मग निळा पेटतो. असं झालं तर खालच्या रेषा शाबूत आहेत आणि थर पातळ आहे. फिरवूनही रंग जागच्या जागी मठ्ठ राहिला, खडूने काढल्यासारखा, तर एक तर थराने पृष्ठभाग खाल्लाय, किंवा रंग येण्याआधीच नाणं रसायनात बुडवून त्याची झळाळी मारली गेलीय. अशा नाण्यावर खूण एकही नसली तरी ६४ च्या वर जाणं कठीण.

म्हणजे आत्तापर्यंत: झीज दिसत नाही, ठसा कच्चा आहे, रंग मला खरा वाटतो, गालावरची एक रेघ आणि जांभळ्या पट्ट्याखालची झळाळी या दोन गोष्टी बाकी आहेत. पांढरं असतं तर मी याला ६३ आणि ६४ च्या मध्ये कुठेतरी धरलं असतं.

आणि रंगाचं काय? त्याची किंमत आहे, भरपूर आहे. डोळ्याला भावणं हा ग्रेडचा एक घटक असतोच, त्यामुळे सीमेवरचं नाणं सुंदर रंगामुळे वरच्या आकड्यात गेलेलं मी अनेकदा पाहिलंय. ६३ चं ६४ होतं, ६४ ला अधिकचं चिन्ह मिळतं. एनजीसी विशेष देखण्या नाण्यांना आकड्याशेजारी तारा देते. पण रंगाचा खरा मोबदला आकड्यात नसतो, विकत घेणाऱ्याच्या खिशात असतो. १८८४-ओ हे मुळात सहज मिळणारं नाणं, पांढऱ्या ६३ ला बेताचाच भाव. दर्शनी बाजूला असा पट्ट्यांचा रंग असलेला ६३ मात्र त्या भावाच्या कित्येक पट जाऊ शकतो, आणि तो भाव कोणत्याही छापील यादीत मिळत नाही, दोन शौकीन समोरासमोर आले की ठरतो. म्हणून दुसऱ्या दुकानदाराने ‘६५’ म्हणून तुम्हाला खूश केलं असलं तरी त्याने देऊ केलेली रक्कम बघा. ती नुसत्या पांढऱ्या ६५ च्या भावाची असेल तर घाई करू नका. आणि पहिल्याने चांदीच्या वजनाचा भाव सांगितला असेल, या नाण्यात साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तर ते नाणं त्याला मुळीच देऊ नका.

स्लॅब करून घ्यावं का? साधं पांढरं नाणं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण फी, टपाल आणि विमा मिळून नाण्याच्या किमतीजवळ जातात. तुमच्या बाबतीत हो म्हणेन. रंग खरा असल्याचा निवाडा मिळणं हेच मोठं काम आहे. विकायचं नसलं तरी बाळ मोठं होईपर्यंत नाणं हवाबंदच्या जवळपास राहील. पाठवण्याआधी घरी वजन करून घ्या. अगदी कोऱ्या नाण्याचं वजन २६.७३ ग्रॅमच्या फार इकडेतिकडे होत नाही. मॉर्गनच्या बनावट प्रती बाजारात आहेत, म्हणून हा सोपा काटा आधी लावायचा. बाकी काहीही लावू नका, बोटही नाही. फक्त कडेला धरा, खाली मऊ टॉवेल पसरा.

तोवर कागदी पाकिटातून काढून ठेवा, कारण कागदातही गंधक असतं आणि निळ्याच्या पुढे थर वाढत गेला की हे सौंदर्य काळवंडत जाईल. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, त्यातला पीव्हीसी नाण्यावर हिरवट चिकट डाग आणतो. रबरबँड तर जवळपासही नको, त्यात गंधकच असतं. कडक पारदर्शक गोल डबी कुठल्याही नाण्यांच्या दुकानात मिळते, आणि हवेतली आर्द्रता शोषणारी छोटी पुडी शेजारी ठेवा.

माझं शेवटचं मत हवं असेल तर फोटो नकोत, फोनचा कॅमेरा रंग भडक करतो आणि झळाळी मारतो. वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. खोलीतले बाकी दिवे बंद करा, ट्यूबलाइट तर नक्कीच, आणि एकच उघडा दिवा नाण्यापासून फूटभर अंतरावर एका बाजूला ठेवा. नाणं कडेने धरून आधी चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेवर उजेड घ्या, मग हळूहळू गालावर आणा, नाकपुडीजवळच्या त्या रेघेवर दोन-तीन सेकंद थांबा आणि तिथून कानावरच्या केसांपर्यंत न्या. उजेड त्या सपाट भागावरून न तुटता पुढे गेला आणि रेघेच्या तळाशी जांभळा दिसला, तर मी ६४ म्हणेन.